परत आलेले जोड

सकाळी ७

ऑनलाईन विक्रीचं पॅनेल उघडलं की मी आधी नव्या ऑर्डरी बघत नाही, ‘रिटर्न’ची यादी बघते. ऑर्डरी दुपारपर्यंत थांबू शकतात, परताव्याला मुदत असते. ग्राहकाने मागणी टाकली की ती बहुतेक वेळा आपोआप मंजूर होते, मला फक्त कळवलं जातं. माझ्या हातात दोनच गोष्टी उरतात. ग्राहकाचा मेसेज असेल तर त्याला नीट उत्तर द्यायचं, आणि माल परत आल्यावर त्यात गफलत दिसली तर ठरलेल्या दिवसांच्या आत पुराव्यासकट क्लेम टाकायचा. मुदत उलटली की दाद मागायची सोयच राहत नाही.

आमचा माल कोल्हापुरी चपलांचा. लग्नसराई सुरू झाली की विक्री वाढते आणि तिच्यामागोमाग परतावेही वाढतात. यादीत दोन तऱ्हेची पार्सलं असतात. आरटीओ, म्हणजे दारातूनच माघारी फिरलेली: घरात कोणी नव्हतं, कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे नव्हते, मन बदललं. त्यांचं सील सहसा शाबूत असतं, त्यामुळे नुकसान भाड्यापुरतं. दुसरी पार्सलं ग्राहकाने उघडून, बघून परत केलेली. सगळी डोकेदुखी या दुसऱ्यांची.

या दुसऱ्यांपुढे कारणाचा रकाना असतो. साईझ लहान. चित्रातल्यासारखी नाही. खराब निघाली. दुसरीच वस्तू आली. पार्सल रिकामं. हा रकाना वाचताना मी फार जपून वाचते, कारण तिथे लिहिलेलं कारण खोटं असूनही ग्राहकाची अडचण खरी असू शकते. चप्पल पायाला टोचते म्हणून परत करायची आहे, पण यादीत ‘टोचते’ असं कारणच नाही. मग माणूस त्यातल्या त्यात जवळचं म्हणून ‘खराब निघाली’वर बोट ठेवतो. काही ठिकाणी ‘आवडली नाही’ निवडलं तर परत न्यायचं भाडं ग्राहकाच्या माथी पडतं, ‘खराब’ म्हटलं तर पडत नाही. अशा वेळी लोक काय निवडणार हे उघड आहे. त्यांना मी लबाड म्हणत नाही. रकाना एक सांगत असतो आणि वस्तू दुसरंच सांगत असते. मी वस्तू हातात येईपर्यंत मत बनवत नाही.

सकाळी ९

सुभाषनगरातून मामा जोड घेऊन येतात. मामा नात्याने कोणी नाहीत, पण त्यांच्या हातच्या चपला माझ्या सासऱ्यांच्या दुकानापासून आमच्याकडे आहेत. तळ कापणं, ठोकणं, शिवणं मामांचं. वेणी घालायचं काम घरातल्या बायकांचं. जोड हातात देताना ते कधीच नुसता देत नाहीत.

“वहिनी, ह्यो नऊ नंबर डावा जरा आवळ हाय. आतनं तेल लावून ठिवा.”

मी तेल लावते आणि त्या नंबराच्या पुढे वहीत टीप करते. हाताने कापलेल्या, हाताने शिवलेल्या जोडात डाव्या-उजव्यात एखाद्या सुताचा फरक राहतो. हे मी विक्रीच्या पानावर ठळक लिहिलंय: पहिले काही दिवस आवळ वाटेल, पायाला बसेल, रंग चामड्याप्रमाणे थोडा बदलेल, पावसात वापरू नये. पूर्वी हा मजकूर सगळ्यात खाली होता. आता किमतीच्या लगेच खाली आहे, आणि ‘साईझ लहान’ची मागणी त्याने खरंच कमी झाली.

मग पॅकिंग. माझ्या मते परताव्याच्या वादाचा निकाल इथे, या टेबलावर लागतो. पुढे जे होतं ते फक्त वाचून दाखवणं. म्हणून इथे मी घाई करू देत नाही. पॅकिंगला येणारी मुलगी मोबाईल स्टँडवर लावते आणि एकही कट न घेता चित्रण सुरू करते. आधी ऑर्डरचं लेबल, नंबर वाचता येईल इतकं जवळून. मग जोड वरून, मग उलटा करून कोरा तळ. तळाच्या आतल्या कडेला आम्ही बारीक आकडा ठोकलेला असतो, तो बोटाने दाखवायचा. मग दोन्ही चपलांच्या अंगठ्यांतून एक प्लॅस्टिकचा टॅग ओवून अडकवायचा. टॅग तसाच ठेवून घरात पाय घालून बघता येतो, चार पावलं टाकता येतात. बाहेर फिरायचं तर तो कापावाच लागतो. मग खोका, पिशवी, सील, आणि शेवटी सगळं पार्सल वजनकाट्यावर, आकडा स्थिर होईपर्यंत.

“ताई, रोज एवढं करायचं? शंभरातल्या नव्वदांना तर काहीच होत नाही,” ती सुरुवातीला म्हणायची.

कोणत्या पार्सलावर भांडण होणार हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांचं करायचं. शिवाय हे चित्रण ग्राहकाच्या बाजूनेही उभं राहतं. आठ नंबरच्या जागी सात नंबर गेला असेल तर त्यात लगेच दिसतं, आणि ग्राहकाशी एक शब्दही न वाढवता मी पैसे परत देऊन मोकळी होते.

सकाळी ११

परत आलेली पार्सलं येतात. हा दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा तास. पार्सल घेतानाच सील फाटलेलं, खोका चेपलेला दिसला तर डिलिव्हरीवाल्या दादांच्या समोर फोटो काढायचा आणि पोचपावतीवर तसं नोंदवून घ्यायचं. ते बिचारे घाईत असतात, पण एक मिनिट थांबतात. मग उघडतानाही पुन्हा सलग चित्रण: लेबल, सील, कात्री, आतला माल, तळ, आकडा.

आजचा पहिला जोड दहा नंबर, पुरुषांचा, खास कोल्हापुरी, पुण्याहून. कारण ‘साईझ लहान’. टॅग कापलेला आणि खोक्यात टाकलेला. मी चप्पल उन्हात धरते. नव्या कोल्हापुरीचा अंगठा ताठ असतो, बोट घातलं तर आवळतो. याचा सैल होऊन बाहेरच्या अंगाला कललाय. टाचेच्या जागी चामडं गडद झालंय, पाचही बोटांचे ठसे ओळीने उमटलेत. उलटी केली तर तळाच्या शिवणीत लाल माती बसलेली. घरातल्या फरशीवर चाललं तर तळाला पांढरट धूळ लागते आणि फडक्याने निघून जाते; रस्त्यावरचे बारीक खडे चामड्यात रुततात, ते निघत नाहीत. आणि वेणीच्या पेडाखाली, पट्टा किंचित उचलल्यावर, कुंकवात माखलेला तांदळाचा एक दाणा अडकलेला.

अक्षता. म्हणजे हा जोड मांडवात उभा राहून आलाय.

मला राग येतो, हे लपवत नाही. मामांच्या घरी या जोडावर दोन दिवस काम झालंय. कातडं कमावण्यात बाभळीची साल आणि हिरडा जाऊन आधीचे कितीतरी दिवस गेलेत. हा जोड आता नवा म्हणून कुणालाच विकता येणार नाही. तरीही क्लेममध्ये मी ‘ग्राहकाने फसवलं’ असं लिहीत नाही. लिहिते ते एवढंच: टॅग कापलेला, तळाच्या शिवणीत माती, अंगठा सैल, टाचेखाली घामाचा डाग, पट्ट्याखाली कुंकू लावलेला तांदूळ, पाठवतानाचं आणि उघडतानाचं चित्रण जोडलं आहे. तपासणाऱ्या माणसापुढे दिवसभरात असे ढीगभर क्लेम येत असणार. त्याला माझा संताप उपयोगाचा नाही, त्याला बघता येईल असं काहीतरी हवं असतं. अक्षतेचा फोटो मी तीन बाजूंनी काढते, शेजारी फूटपट्टी ठेवून.

दुसरा जोड हैदराबादहून, कारण ‘नकली’. उघडला तर उजव्या चपलेची कड काळी पडलेली, जळका वास. हे हल्ली वाढलंय. कोणीतरी कुठेतरी सांगतं की खरं चामडं पेटत नाही, मग लोक लायटर लावून बघतात. खोक्यात एक चिठ्ठीही आहे, इंग्रजीत: ‘लेबलवर अथणी लिहिलंय, कोल्हापूर नाही.’ इथे मी थबकते, कारण या माणसाचा संशय खोटा नाही, माहिती अपुरी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून आहे. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यात. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करताहेत, आणि लग्नसराईत मामांचा माल पुरत नाही तेव्हा आम्ही तिथून घेतो. बाजारात कोल्हापुरी म्हणून रेक्झीनच्या चपलांचा इतका सुळसुळाट झालाय की गिऱ्हाईक घाबरणारच. हा क्लेम मी टाकत नाही. जळलेल्या कडेचा तोटा मी सोसते, त्याला दोन ओळींचं उत्तर लिहिते, आणि विक्रीच्या पानावर आठ जिल्ह्यांची नावं टाकायचं काम आजच्या यादीत घेते.

तिसरा जोड उघडायच्या आधीच जड लागतो. आत रबरी तळाच्या जुन्या चपला. आमचा आकडा नाही, चामडं नाही, काहीच आमचं नाही. असल्या प्रकरणात विचार करायला फार जागा नसते. दोन्ही चित्रणं आणि दोन्ही वजनं जोडून क्लेम लगेच जातो, आणि तो सहसा मंजूर होतो.

दुपारी १

जेवण उरकून मेसेज.

नाशिकच्या एक ताई लिहितात, “तुमची चप्पल खराब आहे, उजवी बसतच नाही. पैसे परत करा.” मी विचारते, “ताई, टोचते कुठे? अंगठ्यापाशी की पट्ट्यापाशी?” पाच मिनिटांत फोटो येतो. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेला पाय, त्यावर पट्टा घट्ट. चप्पल खराब नाही, पायही खराब नाही. पट्टा त्या पायाच्या मापाचा नाही एवढंच. मी लिहिते: परत करायची असेल तर जरूर करा, पैसे पूर्ण मिळतील. पण कोऱ्या कागदावर पाय ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली आणि शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो पाठवला, तर त्या मापाचा जोड करून बदलून देते. ताई विचारतात, “जास्तीचे पैसे?” नाही, बदलीचे पैसे नाहीत.

त्यानंतरचा मेसेज वेगळ्या जातीचा. फोटोत वेणी तुटलेली दिसते. मजकूर असा: अर्धे पैसे परत द्या, चप्पल मी ठेवून घेतो, नाहीतर एक तारा देईन. मी फोटो मोठा करून बघते. मामांची वेणी एक पेड वर, एक पेड खाली अशी जाते. फोटोत एक पेड मध्येच दुसऱ्यात विरघळलाय, आणि तुटलेल्या टोकाला धागाच नाही. तुटलेल्या चामड्याला केसाळ टोक येतं; इथे कड गुळगुळीत. हल्ली अशी चित्रं मोबाईलवर कोणालाही तयार करता येतात. पण ‘तुम्ही खोटा फोटो पाठवलाय’ असं मी लिहीत नाही. माझा अंदाज चुकला तर एका खऱ्या ग्राहकाचा मी अपमान केलेला असेल, आणि बरोबर असला तरी त्या वाक्याने सिद्ध काहीच होत नाही. मी लिहिते: “वेणी तुटली असेल तर चूक आमची. ऑर्डरचा नंबर कागदावर लिहून चपलेशेजारी ठेवा आणि छोटा व्हिडिओ पाठवा. नाहीतर सरळ परत पाठवा. माल आला की पूर्ण पैसे.”

अर्धे पैसे देऊन वाद मिटवावा, असं शेजारचे दुकानदार सांगतात. मला ते पटत नाही. माल खरोखर सदोष असेल तर अर्धे पैसे ही ग्राहकाची फसवणूक. सदोष नसेल तर ती ताऱ्यांची खंडणी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत हे स्पष्ट आहे. माल सदोष निघाला, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचला, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. त्याच नियमांत विक्रेत्याने ग्राहक बनून स्वतःच्या मालाचं कौतुक लिहायलाही मनाई आहे. दोन्ही गोष्टी मला रास्त वाटतात. मी एक तारा सोसते, पण ताऱ्यासाठी पैसे देत नाही आणि घेतही नाही.

व्हिडिओ काही येत नाही. चप्पलही परत येईल असं वाटत नाही.

दुपारी साडेतीन

चिपळूणच्या एका ग्राहकाची तक्रार: पार्सल रिकामं. खोका होता, आत काही नव्हतं.

आजच्या दिवसातलं हे सगळ्यात अवघड प्रकरण. आमच्याकडे निघतानाचं वजन आहे: सातशे ऐंशी ग्रॅम. चित्रणात दोन्ही चपला, आकडे, सील सगळं आहे. हे पुरावे लावून ‘ग्राहक खोटं बोलतो’ असं म्हणणं सगळ्यात सोपं. पण आमच्या पुराव्याने सिद्ध होतं ते एवढंच की माल इथून निघाला. तो तिथे पोहोचला हे त्यातून सिद्ध होत नाही. मधल्या वाटेत गोदामं असतात, गाड्या बदलतात, टेपवर टेप चिकटवता येते. मी ग्राहकाला विचारते, खोका टाकून दिलात का? नाही, आहे. सगळ्या बाजूंनी फोटो पाठवाल? येतात. आमची टेप तपकिरी आणि छापील. खोक्याच्या बुडाशी एक पट्टी कोरी, पारदर्शक. ती आमची नाही.

वाटेतल्या हबवर पार्सलं पुन्हा वजनाला लागतात, कारण भाडं वजनावर ठरतं. मी सपोर्टला लिहून प्रत्येक टप्प्यावरचं नोंदलेलं वजन मागते. संध्याकाळपर्यंत उत्तर येतं: पहिल्या हबवर सातशे ऐंशी, शेवटच्यावर एकशे नव्वद.

मी चिपळूणला कळवते की माल वाटेत गेला, तुमचे पैसे आजच परत जातील, आणि फोटो जपून ठेवल्याबद्दल आभार. माझा क्लेम आता वाहतुकीवर आहे. त्या माणसाला दुपारी मी एखादा टोचरा शब्द लिहिला असता, तर बुडाशीच्या पट्टीचा फोटो मला कधीच मिळाला नसता.

संध्याकाळी साडेपाच

पिकअप. बावीस पार्सलं स्कॅन होतात, यादीवर सही होते, आणि सहीच्या यादीचा फोटो निघतो. यावेळी दुसरं काही करायचं नाही.

रात्री ९

व्हॉट्सॲपवरून थेट ऑर्डर देणारं एक छोटं गिऱ्हाईकही आहे आमचं, आणि तिथे वेगळी तऱ्हा चालते. आज एकाने चौदाशेऐवजी चौदा हजार पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकलाय. “मॅडम, चुकून शून्य जास्त पडलं. उरलेले लगेच परत करा, दवाखान्यात आहे.” पाठोपाठ क्यूआर कोड. मी बँकेचं खातं उघडून बघते. चौदा हजार नाहीत, चौदाशेही नाहीत. पैसे आल्याचा पुरावा म्हणजे खात्यातली नोंद, दुसऱ्याच्या मोबाईलचं चित्र नव्हे. आणि पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. हे मी सासूबाईंनाही शिकवून ठेवलंय, कारण दुकानाचा फोन दुपारी त्यांच्याकडे असतो. नंबर ब्लॉक, सायबर हेल्पलाईन १९३० वर माहिती.

मग हिशेब. पैसे परत गेलेल्या प्रत्येक विक्रीची क्रेडिट नोट बनवायची, म्हणजे त्या विक्रीचा जीएसटी आपल्या अंगावर राहत नाही. मार्केटप्लेस विक्रीच्या रकमेतून जो अर्धा टक्का कर (टीसीएस) कापतं तो परतावे वजा जाता उरलेल्या विक्रीवर. त्यांचा आकडा आणि माझा आकडा जुळतो का ते दर महिन्याला बघावं लागतं, कारण परतावा एका महिन्यात आणि विक्री आधीच्या महिन्यात असं नेहमी होतं. कर मिळता होतो. जाण्या-येण्याचं भाडं, खोका आणि माती लागलेला जोड मात्र मिळता होत नाही.

मामांच्या हिशेबात यातलं काहीही धरायचं नाही, हे आमच्याकडे पक्कं आहे. जोड ताब्यात घेतला त्या दिवशी त्याची मजुरी ठरली. मांडवात कोण कुठली चप्पल घालून गेलं याचा भुर्दंड तळ शिवणाऱ्याला का बसावा? कारागिराचे पैसे परतावा मुदत संपेपर्यंत अडकवणारे व्यापारी मी बघितलेत. ते मला अन्यायाचं वाटतं, आणि असं चालणाऱ्या धंद्यात चांगला हात फार दिवस टिकत नाही.

दहाला पुण्याच्या जोडाचा निकाल येतो: क्लेम अंशतः मंजूर, थोडी भरपाई. अपिलाची एक संधी असते, ती मी घेते आणि तळाच्या शिवणीचा फोटो आणखी जवळून काढून जोडते. निकाल काहीही लागला तरी तो जोड पुसून, तेल लावून ‘वापरलेला’ अशी चिठ्ठी लावून दुकानातल्या कोपऱ्यातल्या फळीवर जाईल. तिथून कमी किमतीत घेणारी माणसं आहेत, आणि त्यांना काय घेतोय हे माहीत असतं.

नाशिकच्या ताईंचा कागदही आलाय. पेन्सिलीची रेघ जरा थरथरलेली, पण फूटपट्टी अगदी नीट ठेवलेली. फोटो मामांना पाठवते आणि फोन लावते.

“बघितलं, बघितलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड हाय बाईंचं. पट्टा दोन सूत ढिला घेतो, आन्‌ तिथलं कातडं पातळ करतो आतनं. डाव्याला हाय तसंच ठिवू?”

“डाव्याचं माप बरोबर आहे, मामा.”

“मग परवा सकाळी घ्या.”